शाळा सुटल्यावर लेकरू कुणाकडे?



दिवाळी झाली की कापूस वेचणीला जोर येतो. सकाळी आठला डबा बांधून निघालेली बाई घरी परत येईपर्यंत सात वाजतात. शाळा मात्र पाचला सुटते. शनिवारी तर सकाळची शाळा, साडेअकराला लेकरं गावात मोकळी. घराला कुलूप, किल्ली शेजारी. मधल्या वेळात आपलं पहिली-दुसरीतलं लेकरू कुठं असतं, काय खातं, कुणाजवळ बसतं, हे आपल्यापैकी कितीजणींना नक्की सांगता येईल?

बैठकीत हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "मोठी आहे ना सांभाळायला." ही मोठी म्हणजे चौथी-पाचवीतली पोरगी. सुरुवातीला ती फक्त संध्याकाळी भावाला बघते. मग भाऊ आजारी पडला म्हणून एक दिवस शाळा बुडते. वेचणी भरात आली की आठवड्यातून दोन दिवस बुडते. भागाकार शिकवला त्या दिवशी ती घरी असते. पुढं सातवी-आठवीत गेल्यावर आपणच म्हणतो, "तिचं अभ्यासात मन लागत नाही." 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक लेकराला शिकण्याचा हक्क 2009 च्या कायद्यानं दिलाय. आपल्या दशसूत्रीतही शिक्षण आहे. मग त्या पोरीच्या बुडालेल्या दिवसांचा हिशेब आपण कोणत्या वहीत लिहायचा?

दुसरं उत्तर असतं, "गावच आहे, कुणीपण बघतं." पण सगळ्यांनी बघायचं म्हटलं की कुणाचंच लक्ष राहत नाही. शेततळं, उघडी विहीर, रस्त्यावरचे ट्रॅक्टर आणि घरात ठेवलेलं फवारणीचं औषध, हे सगळं गावातच आहे.

म्हणून या वेळी आपण हा विषय नीट समजून घेऊ. लेकरं सांभाळायला विश्वासाची बाई कशी शोधायची, तिच्याशी काय ठरवायचं, पैसे किती द्यायचे आणि ठरल्यावर लक्ष कसं ठेवायचं.

आधी आपली गरज मोजा

बाई शोधायच्या आधी एका कागदावर तास मांडा. सोमवार ते शुक्रवार पाच ते सात म्हणजे रोज 2 तास, पाच दिवसांचे 10. शनिवारी साडेअकरा ते साडेसहा म्हणजे 7 तास. आठवड्याचे झाले 17, महिन्याचे साधारण 72 तास. रविवारी कामाला जात असाल तर तो वेगळा धरा.

उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की हे तास एकदम वाढतात. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत तर अख्खा दिवस. हे आधीच लक्षात घेतलं नाही तर ठरवलेली बाई ऐन वेळी म्हणते, "एवढं बोललो नव्हतो," आणि तिचंही चुकत नाही.

कुणाला विचारायचं?

सुरुवात आपल्याच गटापासून करा. शेतातलं काम आता झेपत नाही पण लेकरांत रमते अशी एखादी मावशी असते. घरी शिलाई मशीन चालवणारी ताई असते. एकल महिला असते, तिला घरबसल्या महिन्याचे ठरलेले पैसे मिळाले तर मोठा आधार होतो. अंगणवाडी ताई आणि आशाताई यांनाही विचारा. त्या घरोघरी जातात, कुणाच्या घरात लेकरांना माया आहे आणि कुणाच्या घरात रोज भांडण आहे, हे त्यांना माहीत असतं.

सासूबाई सांभाळत असतील तर चांगलंच. पण त्यांचे गुडघे दुखतात, डोळ्यांना कमी दिसतं, तरी "आजी आहे" म्हणून तीन लेकरं त्यांच्यावर सोडणं हे आजीवरही अन्याय आणि लेकरांच्याही जिवाशी खेळ. विहिरीकडं पळणाऱ्या लेकरामागं आजी धावू शकत नाही.

आणि शेजारच्या घरातली बारा-तेरा वर्षांची मुलगी हुशार आहे, म्हणून तिच्यावर ही जबाबदारी टाकू नका. आपली पोरगी सोडवायची आणि दुसरीची अडकवायची, यात आपण काय मिळवलं?

घर बघून या

बाई ओळखीची असली तरी एकदा मुद्दाम लेकरं बसतील ती जागा बघा. संकोच वाटतो, पण कर्ज देताना आपण विचारपूस करतोच की. इथं तर आपलं लेकरू ठेवायचंय. या गोष्टी बघा:

1. विहीर, हौद, पाण्याची टाकी झाकलेली आहे का?
2. फवारणीचं औषध, रॉकेल, उंदराचं औषध लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवलंय का? रिकामे डबे पाण्याला वापरत नाहीत ना?
3. चूल किंवा शेगडी कुठं आहे? उघड्या वायरी, मोटारीचा स्टार्टर जवळ आहे का?
4. प्यायचं पाणी आणि संडास आहे का? अंधार पडल्यावर दिवा आहे का?
5. त्या वेळात घरात आणखी कोण कोण असतं, कोण येतं-जातं? कुणी दारू पितं का?

पाचवा प्रश्न सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा. आपण बाईवर विश्वास टाकतो, पण लेकरू त्या घरातल्या प्रत्येक माणसाजवळ असतं. लेकरांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा परका नसतो, ओळखीतलाच असतो. म्हणून "चांगलं घर आहे" एवढ्यावर थांबू नका.

बोलणी कागदावर

तोंडी ठरलेलं महिनाभरात विसरतं आणि मग नाती बिघडतात. वहीच्या एका पानावर लिहा आणि गटाच्या बैठकीत वाचून दोघींनी सही करा. इतकं लिहिलं तरी पुरे:

लेकरं शाळेतून कोण आणणार, की ती गटानं चालत येणार? घरी न्यायला फक्त कोण येणार? (आईबाप सोडून दुसरं कुणी आलं तर फोन केल्याशिवाय लेकरू द्यायचं नाही.) खायला काय, ते कोण देणार? ताप आला तर काय करायचं, फोन कुणाला लावायचा? सांभाळणाऱ्या ताईला अडचण आली तर आदल्या दिवशी सांगायचं. आपल्याला उशीर होणार असेल तर आपणही सांगायचं. मोबाईल हातात द्यायचा नाही. मारायचं नाही, कोंडायचं नाही, जात काढून किंवा बापाच्या दारूवरून बोलायचं नाही. सगळ्या लेकरांना एकाच पंगतीत बसवायचं.

यातली काही वाक्यं लिहायला जड जातील. तरी लिहा. पुढं बोलायची वेळ आली तर हाच कागद आपल्या दोघींना सोपं करतो.

पैशाचा हिशेब

"शेजारीण आहे, पैसे कसले?" असं म्हटलं की दोन महिने छान चालतं. नंतर तिच्या घरी पाहुणे येतात, तिचं काम निघतं आणि लेकरं परत ओट्यावर. फुकटच्या कामाला वेळेची अट घालता येत नाही. ताईला तिच्या वेळेचे पैसे मिळाले की ती वेळ पाळते आणि आपल्यालाही विचारायचा हक्क राहतो.

आता आकडे बघू. वेचणीला किलोवर पैसे मिळतात, खुरपणीला हजेरी. हिशेब सोपा व्हावा म्हणून हजेरी 300 रुपये धरू. तुमच्याकडे जो दर असेल तो घाला. आठ तासांचे 300, म्हणजे तासाला साडेसदतीस रुपये. महिन्याचे 72 तास गुणिले साडेसदतीस, झाले 2,700 रुपये. सहा घरांतली सहा लेकरं असतील तर प्रत्येक घराला 450 रुपये. ताईला शेतमजुरीएवढाच दर पडतो, तोही उन्हात न जाता.

450 रुपये महिन्याला जास्त वाटतात का? लेकरासाठी तुम्ही महिन्यात किती वेळा दुपारीच घरी आलात ते आठवा. एका अर्ध्या हजेरीचे 150 जातात. अशा तीन अर्ध्या हजेऱ्या वाचल्या की 450 निघाले. आणि हे पैसे फक्त बाईच्या मजुरीतून जायला नकोत. लेकरू दोघांचं आहे, तर खर्चही दोघांच्या कमाईतून. घरधन्याला बैठकीला बोलवा आणि हाच हिशेब त्याच्यासमोर मांडा.

ज्या घराला 450 जमत नाहीत, तिथं थोडे पैसे आणि थोडी ज्वारी, डाळ किंवा सरपण असं ठरवता येतं. फारच अडचण असेल तर ग्रामसंघाच्या बैठकीत विषय ठेवा. एका घराच्या अडचणीमुळं त्या घरची पोरगी शाळा सोडून घरी बसू नये.

काही गावांत सावडीसारखी पद्धत करता येईल, म्हणजे आज तू सगळ्यांची लेकरं बघ, उद्या मी. कामं कमी असतात तेव्हा हे छान चालतं. पण सुगीत प्रत्येकीला रानात जायचं असतं आणि नेमकी तेव्हाच सावड मोडते. म्हणून सुगीपुरती तरी ठरलेली, पैसे घेणारी एकजण हवीच.

एका बाईनं सहा-सातपेक्षा जास्त लेकरं घेऊ नयेत. त्यात अगदी तान्ही असतील तर आणखी कमी.

पहिले पंधरा दिवस

पंधरा दिवस चाचणी म्हणून धरा. या दिवसांत एखादेवेळी न सांगता लवकर जा. लेकरं काय करतायत, ताई कुठं आहे, बघा. रोज रात्री जेवताना लेकराला विचारा. "त्रास दिला का कुणी?" असं एकदम विचारू नका. "आज काय खेळलात? कोण कोण आलं होतं? मावशी कुणाला रागावली?" असं विचारलं की लेकरू आपोआप बोलतं.

ताईलाही विचारा. तिचीही तक्रार असू शकते. लेकरू चावतं, आई रोज अर्धा तास उशिरा येते, खाऊचा डबा रिकामाच येतो. तिचं ऐकलं नाही तर चांगली बाई हातची जाईल.

लेकरू काही सांगत असेल तर

लेकरू अचानक तिकडं जायला घाबरू लागलं, रात्री दचकून उठू लागलं, अंथरूण ओलं करू लागलं, एखाद्या माणसाचं नाव काढताच गप्प झालं, तर "नाटकं करू नको" म्हणू नका. जवळ घेऊन ऐका. शरीराच्या झाकलेल्या भागाला कुणी हात लावला तर ओरडायचं, पळायचं आणि आईला सांगायचं, हे मुलगा-मुलगी दोघांनाही शिकवा. "तुझी चूक नाही" हे वाक्य लेकरानं आपल्या तोंडून ऐकलं पाहिजे.

मदतीसाठी 1098 हा लेकरांचा नंबर आहे, पोलिसांसाठी 112. लैंगिक त्रासाविरुद्ध 2012 चा पॉक्सो कायदा आहे. तो 18 वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे, आणि गुन्हा माहीत असून लपवणं हासुद्धा या कायद्यात गुन्हा आहे. म्हणून "गावातच मिटवू" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. गटातल्या दोघी-तिघी सोबत जा. बाई एकटी गेली तर तिलाच गप्प बसवतात.

गटानं मिळून केलं तर

हे काम आपल्या महाराष्ट्रात नवं नाही. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, गावातल्या लेकरांसाठी काम सुरू केलं. लेकरं शाळेपर्यंत येत नाहीत हे पाहून त्या वस्तीवर गेल्या, तिथल्याच अंगणात लेकरं जमवली. पुढं कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र चालवली. धाकट्या भावंडाला सांभाळावं लागतं म्हणून शाळेला न येणाऱ्या आदिवासी पोरींचा प्रश्न त्यांनी तेव्हाच ओळखला होता. भावंडाला पाळणाघरात ठेवलं की ताई वर्गात बसायला मोकळी.

आपणही एवढं करू शकतो. समाजमंदिर किंवा शाळेची एक खोली संध्याकाळी वापरायला मिळावी म्हणून ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समितीकडं लेखी अर्ज द्या. जागा चारचौघांच्या नजरेत राहते, हा मोठा फायदा. लेकरं जास्त असतील तर दोन ताया नेमा, म्हणजे एक आजारी पडली तरी दार बंद होत नाही. गटाच्या वहीत लेकरांची हजेरी आणि पैशाची नोंद ठेवा.

6 महिने ते 6 वर्षांच्या लेकरांसाठी सरकारची पाळणा योजना आहे, त्यात अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येतं. त्याची चौकशी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात करा आणि मागणीचा ठराव ग्रामसभेत घ्या. पण सहा वर्षांवरची शाळकरी लेकरं तिच्यात बसत नाहीत. त्यांची सोय आपल्यालाच उभी करायची आहे.

पुढच्या बैठकीत

बचत आणि परतफेड झाली की दहा मिनिटं या विषयाला द्या. इतिवृत्तात तीन गोष्टी लिहा: आपल्या गटात शाळा सुटल्यावर एकटी राहणारी लेकरं किती, भावंडाला सांभाळायला घरी राहणाऱ्या पोरी किती, आणि हे काम घ्यायला तयार असलेल्या ताया कोण. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना आपल्या घरातलं नाव पुढं आलं तर लाजू नका. लिहा. वेचणी संपायच्या आत ते नाव त्या यादीतून खोडता आलं पाहिजे.