पगार वाढला, पण आजारपणाची रजा?

गेल्या पावसाळ्यात, दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना पोशीरमधलेच एक परिचित गृहस्थ आले. वय ४३. दुचाकीने नेरळ स्थानक आणि तिथून लोकलने कामावर, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम. रक्तदाब भरला १७०/११०. गोळी चालू आहे ना, असे विचारताच त्यांनी मान खाली घातली.

“डॉक्टर, दोन महिने झाले, बंद आहे. नोकरी बदलली. आता कन्सल्टंट म्हणून घेतलंय. दिवस बुडला की पैसे बुडतात, म्हणून तपासायला येणं राहूनच गेलं.”

असे रुग्ण आता वरचेवर येतात. काम तेच, वेळा त्याच, साहेबही असतो. फक्त कागदावर ‘कर्मचारी’ऐवजी ‘सल्लागार’ हा शब्द येतो आणि पगाराचे मानधन होते. त्या एका शब्दाबरोबर भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा आणि सामूहिक आरोग्यविमा बहुधा मागे राहतात. मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना राज्य कामगार विमा योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. सल्लागाराला तीही नाही.

हा धडा मी स्वतः तरुणपणी घेतला आहे. एका खासगी रुग्णालयात मानधनावर असताना मला कावीळ झाली. घरी बसलो तेवढ्या दिवसांचे पैसे मिळाले नाहीत. घरभाड्याच्या काळजीने पूर्ण बरा होण्याआधीच कामावर गेलो आणि पुन्हा अंथरूण धरले. विश्रांती हेही औषधच आहे, हे रुग्णांना सांगणाऱ्या मला ते औषध परवडले नव्हते.

म्हणून सही करण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून हिशेब मांडावा. समजा, पगार ४५,००० होता, त्यात मूळ वेतन २६,०००. नवे मानधन ५५,०००. मालकाचा भविष्यनिर्वाह निधीतील १२ टक्के वाटा ३,१२० रुपये गेला. वर्षाला १५ दिवसांच्या हिशेबाने ग्रॅच्युइटीचे महिन्याला १,२५० गेले. २४ भरपगारी रजा बुडाल्या, तर महिन्याला सुमारे ४,२०० गेले. दहा हजारांच्या वाढीतले साडेआठ हजार इथेच संपले. विम्याचा हप्ता अजून भरायचाच आहे.

विम्याबाबत विशेष सावध राहावे. सामूहिक विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो. राजीनामा देण्यापूर्वीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्याची चौकशी करावी; त्यामुळे आधीच्या वर्षांचा लाभ टिकू शकतो. खंड पडून नव्याने पॉलिसी घेतल्यास अपघात वगळता पहिले ३० दिवस आणि आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. रक्तदाब वा मधुमेह असल्यास तो अर्जात लपवू नये; दावा नाकारला जाण्याचे ते मोठे कारण ठरते.

करारात आजारपणाचे किमान काही भरपगारी दिवस मागून पाहावेत. मागण्यात कमीपणा नाही. कागदावरचे नाव हाच शेवटचा शब्द नसतो, हेही ध्यानात ठेवावे. सौराष्ट्रातील मिठागरांवर राबणारे अगरिया हे स्वतंत्र ठेकेदार आहेत, असा मालकांचा दावा होता; १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने, कामावर देखरेख आणि नियंत्रण कोणाचे हे पाहून, त्यांना कामगारच ठरवले. शंका वाटल्यास कामगार आयुक्त कार्यालयात किंवा वकिलाकडे विचारावे.

सल्लागारी वाईटच असते असे नाही. मानधन पुरेसे असेल आणि वेळ खरोखर आपल्या हाती असेल, तर ती मानवतेही. मात्र दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, तपासणीचा दिवस आधीच ठरलेला असावा आणि नोकरी बदलण्याच्या धावपळीत गोळ्या संपू देऊ नयेत.

त्या गृहस्थांचा जुना विमा तोवर संपला होता. नवा घेतला, रक्तदाबासाठीची प्रतीक्षा सुरू झाली आहे. आता ते महिन्यातून एकदा रविवारी सकाळी पत्नीसह येतात. मागच्या वेळी रक्तदाब १३२/८४ होता. करारात सहा दिवसांची आजारपणाची रजा मिळाल्याचे त्यांनी सांगितले, आणि त्यातला एक दिवस रक्त-लघवी तपासणीसाठी राखून ठेवल्याचे त्यांच्या पत्नीने.