रिक्षा कुठे मिळेल, सांगाल का?

खांदेश्वर स्टेशनबाहेर नवखा माणूस विचारतो, ‘कामोठ्याची रिक्षा कुठे मिळेल?’ तेच अदबीने विचारायचं तर, ‘कामोठ्याची रिक्षा कुठे मिळेल, सांगाल का?’ मूळ प्रश्नातला एकही शब्द जागचा हलत नाही. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही.

मी खांदा कॉलनीत संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. कुणाला महापे-ऐरोलीच्या कॉल सेंटरची मुलाखत द्यायची असते, कुणाचा डोळा ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरच्या नोकरीवर असतो. ही मुलं हुशार आहेत, न घाबरता बोलतात. पण ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज द काउंटर?’ हे वाक्य वर्गात हमखास येतं. हवं असतं, ‘कॅन यू टेल मी व्हेअर द काउंटर इज?’

असं का होतं? इंग्रजीत थेट प्रश्न विचारताना क्रियापद कर्त्याच्या आधी येतं, हे आपण शाळेत घोकून घेतो. त्यामुळे ‘व्हेअर’ उच्चारलं की ‘इज’ आपोआप मागून येतं. पण इथे विचारण्याचं काम ‘कॅन यू’नेच करून टाकलेलं असतं. आतला भाग आता प्रश्न राहिलेला नाही. तो नामवाक्य झाला आहे. ‘मला उत्तर माहीत नाही’ आणि ‘तो कुठे गेला ते मला माहीत नाही’ ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. ‘उत्तर’ या नामाच्या जागी अख्खं वाक्य येऊन बसलं. इंग्रजीत अशा वेळी प्रश्नशब्द पुढेच राहतो, पण त्याच्यामागे साध्या विधानासारखा आधी कर्ता येतो, मग क्रियापद.

मुलं सर्वांत जास्त अडतात ती ‘डू’, ‘डज’, ‘डिड’पाशी. ‘व्हेअर डिड ही गो?’ हा प्रश्न आत घेताना ती ‘आय डोन्ट नो व्हेअर ही डिड गो’ म्हणतात. ‘डिड’ आलं होतं ते केवळ थेट प्रश्न करण्यासाठी. ते काम संपलं की त्याने जायचं आणि भूतकाळ मूळ क्रियापदाकडे परत द्यायचा: ‘आय डोन्ट नो व्हेअर ही वेन्ट.’ शेवटी पूर्णविराम, कारण हे विधान आहे. ‘हू कॉल्ड?’सारख्या प्रश्नात ‘हू’ हाच कर्ता असतो, म्हणून तिथे काहीच बदलत नाही.

हो-नाहीच्या प्रश्नाला ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ लागतं. आपल्या ‘की नाही’चंच ते काम. ‘गाडी लेट आहे की नाही, माहीत आहे का?’ म्हणजे ‘डू यू नो इफ द ट्रेन इज लेट?’

आयर्लंडच्या बोलीत आतल्या प्रश्नातही क्रियापद सर्रास पुढे येतं, तेव्हा यात लाजण्यासारखं काही नाही. तरीही मुलाखतीत आणि पत्रव्यवहारात प्रमाण रूपच अपेक्षित असतं. शिवाय इथे सभ्यतेचा मुद्दा आहे, आणि तो मला व्याकरणाइतकाच मोलाचा वाटतो. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहेत. ‘सांगाल का’ म्हटलं की आदर क्रियापदातच येतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. त्यामुळे आदर वाक्याच्या रचनेतून दाखवावा लागतो. ‘व्हॉट इज युवर नेम?’ प्रवाशाला तोंडावर विचारलं तर चौकशी वाटते. ‘मे आय नो व्हॉट युवर नेम इज?’ ऐकायला बरं वाटतं.

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. तरी हा विषय मुलांना भेटतो तो बहुधा ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’च्या गुणांपुरता. ‘शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड’ पेपरात बिनचूक लिहिणारी मुलगी काउंटरवर ‘व्हेअर इज’ म्हणते, कारण दोन्ही ठिकाणी नियम एकच आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या, मराठी वाक्य समोर ठेवून. आज वर्गात मराठी आणणं कमीपणाचं मानतात. या धड्यापुरतं तरी ते चूक आहे.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे: फळ्यावर आधी ‘रिक्षा कुठे मिळेल, सांगाल का?’ लिहा. मग मुलांनाच विचारा, आतला कोणता शब्द हलला.