कॉम्प्युटरमधले रंगीबेरंगी दिवे बंद कसे करायचे?

पुतण्याने नवीन पीसी जोडला. दशावतारी नाटकांचे व्हिडिओ तो एडिट करतो, त्यामुळे मशीन दमदार हवं होतं. दमदार पार्ट म्हटले की हल्ली त्यांच्यासोबत दिवे येतातच. दुकानात त्या दिवशी बिनदिव्याची रॅमच नव्हती. पंख्यांना दिवे, मदरबोर्डला दिवे, आणि हे सगळं दिसावं म्हणून कॅबिनेटला एका बाजूने काच.

आमचं घर वालावलला. इथे रात्री दहानंतरचा काळोख म्हणजे खरोखरचा काळोख. त्यात माजघराच्या कोपऱ्यात लाल-हिरवी-जांभळी रोषणाई, आणि समोरच आजीची खाट. व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की मशीन रात्रभर चालू. "मेल्या, ता मालव आधी. माका झोप येना नाय," हे दोन रात्री ऐकलं. तिसऱ्या रात्री आजीने उठून कॅबिनेटवर सरळ गोधडी टाकली. पहाटे पंखे बोंबलायला लागले तेव्हा मला जाग आली. हात लावला तर कॅबिनेट तापलेला.

आता दोनच पर्याय होते. दिवे बंद करा, नाहीतर पीसी पडवीत न्या. पण पावसाळ्यात पडवीत दमट हवा, आणि उजेड दिसला की पंखवाली पाखरं थव्याने येतात, जाळीतून आत शिरतात. म्हणून दिवेच बंद करायचे ठरलं. मला वाटलं, एखादं बटण असेल. नव्हतं.

कारण हे दिवे एका ठिकाणाहून चालत नाहीत. बोर्डाचे दिवे बोर्ड सांभाळतो, रॅमचे दिवे रॅमवरची छोटी चिप, पंख्यांचे दिवे बहुतेक वेळा वेगळा कंट्रोलर. म्हणून आधी खोलीतले दिवे घालवून काचेतून नीट बघा, काय काय पेटतंय. मग पीसी शटडाऊन करून परत बघा. आमच्याकडे शटडाऊननंतरही बोर्डाची एक कड उजळलेलीच होती.

याचं कारण सोपं आहे. पीसी बंद असला तरी पॉवर सप्लाय ५ व्होल्टची एक स्टँडबाय लाइन चालू ठेवतो. बटण दाबल्यावर मशीन उठतं ते तिच्याच जोरावर, आणि काही बोर्ड त्याच लाइनवर दिवेही पेटवतात. यावर उपाय बायोसमध्ये आहे. सुरू करताना डिलीट की दाबत राहा (काही बोर्डांना एफ२). असूसच्या बोर्डांत 'ऑनबोर्ड डिव्हाइसेस कॉन्फिगरेशन'मध्ये एलईडीचे दोन वेगळे पर्याय मिळतात, एक मशीन चालू असतानाचा, दुसरा स्लीप किंवा बंद असतानाचा. 'स्टेल्थ मोड' दिसला तर दोन्हीकडे तोच निवडा. गिगाबाइटमध्येही असेच दोन पर्याय असतात. एमएसआयच्या काही बोर्डांवर तर 'ईझी एलईडी कंट्रोल' नावाचा इवलासा स्विचच असतो, पण तो हलवण्याआधी पीसी बंद करून वायर काढा.

असं काहीच सापडलं नाही, तर 'ईआरपी' हा पर्याय शोधा. नाव युरोपातल्या वीजबचतीच्या नियमावरून आलंय. तो चालू केला की शटडाऊननंतर स्टँडबायवरचे दिवे बहुधा विझतात. मात्र मग बंद पीसीच्या यूएसबीवर मोबाइल चार्ज होत नाही, आणि कीबोर्डने पीसी सुरू करण्याची सोय असेल तर तीही जाते. आम्हाला चाललं.

बोर्ड गप्प झाला. रॅम मात्र इंद्रधनुष्य दाखवतच होती, आणि सगळ्यात जास्त वेळ तिनेच खाल्ला. रॅमच्या दिव्यांना वीज स्लॉटमधूनच मिळते, त्यामुळे काढायला वेगळी वायर नाही. बायोसचा पर्याय सहसा तिच्यापर्यंत पोचत नाही. तिला हुकूम जातो तो एसएमबस नावाच्या मार्गाने, आणि तो द्यायला सॉफ्टवेअर लागतं. कंपनीचं सॉफ्टवेअर चालतं, पण ते बरंच जड असतं. मी 'ओपनआरजीबी' वापरलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. विंडोजमध्ये ते 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा, नाहीतर रॅम यादीत दिसणारच नाही. कंपनीचं लाइटिंग सॉफ्टवेअर आधी बंद करा. दोघं एकाच रॅमला हुकूम द्यायला लागले तर गोंधळ होतो.

यादीतून रॅम निवडा. 'ऑफ' मोड असेल तर उत्तम. नसेल तर 'डायरेक्ट' किंवा 'स्टॅटिक' घेऊन रंग काळा द्या. काळा रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही शून्य, म्हणजेच विझलेला दिवा. 'सेव्ह टू डिव्हाइस' हे बटण दिसलं तर दाबा. आमच्या रॅमला ते नव्हतं, त्यामुळे रीस्टार्ट केल्यावर इंद्रधनुष्य पुन्हा हजर! मग प्रोफाइल सेव्ह केली आणि सेटिंगमध्ये जाऊन लॉगिन होताच ती आपोआप लागेल असं केलं. पीसी सुरू होताना अर्धा मिनिट रंग दिसतात, तेवढं सोसायचं.

विंडोज ११ मध्ये २०२३ पासून 'डायनॅमिक लाइटिंग' आलंय, पर्सनलायझेशनमध्ये. बघायला हरकत नाही, पण ज्या उपकरणांना त्याचा सपोर्ट आहे तीच तिथे दिसतात, मुख्यतः कीबोर्ड-माऊस.

राहिले पंखे. कॅबिनेटवर 'एलईडी' लिहिलेलं बटण असेल तर तीन-चार सेकंद दाबून धरा, बऱ्याच कंट्रोलरमध्ये दिवे विझतात. नाहीतर पीसी बंद करून, वायर काढून पंख्याच्या केबल बघा. दिव्याची केबल वेगळी असेल तर तेवढीच काढा. दिवा आणि मोटर एकाच प्लगमध्ये असतील तर हात लावू नका, दिव्यासोबत पंखाही थांबेल. काढलेली केबल पुढे कधी परत लावलीत तर पिना मोजा. तीन पिनांची ५ व्होल्टची, चार पिनांची १२ व्होल्टची. ५ व्होल्टचे दिवे जबरदस्तीने १२ व्होल्टवर लावले तर कायमचे जळतात.

आमचा मागचा पंखा स्वस्तातला, एका प्लगवाला. त्याचा निळा दिवा बंद होण्यासारखा नव्हताच. शेवटी काचेला आतून काळा कार्डपेपर चिकटवला. फक्त काचेला, जाळीला नाही. हवा जाळीतून जाते, गोधडीने नेमकी तीच अडवली होती.

समोरचा पॉवरचा दिवाही मी जोशात काढून टाकला होता. दुसऱ्याच रात्री आजीने मशीन बंदच आहे समजून भिंतीवरचं बटण पाडलं आणि चार तासांचा एक्सपोर्ट गेला. पुतण्या दिवसभर माझ्याशी बोलला नाही. तो दिवा मी परत जोडलाय. वर काळ्या टेपचा तुकडा लावून त्याला टाचणीने एक भोक पाडलंय.