मोटारीच्या रंगावरील टवके आणि त्यांची घरगुती दुरुस्ती

मोटार धुतांना तिच्या बोनेटच्या पुढील कडेवर मोहरीएवढे फिकट ठिपके कोणीं पाहिले नाहींत? पुढें धांवणाऱ्या मालमोटारीच्या चाकांखालून खडी उडते, आपल्या गाडीवर आदळते आणि तेवढ्या जागेचा रंग उडून जातो. यालाच आपण टवका म्हणतों. टवका दिसण्यांत क्षुल्लक असतो, म्हणून पुष्कळ लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. कांहीं लोक घाईनें त्यावर रंगाचा ठिपका देऊन मोकळे होतात. हे दोन्ही मार्ग चुकीचे कसे व योग्य मार्ग कोणता, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम रंगाची रचना पाहूं. मोटारीचा पोलादी पत्रा साधारणपणें पाऊण मिलिमीटर जाड असतो. त्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग मूळ रंग आणि सर्वांवर क्लिअर कोट नांवाचा पारदर्शक थर, असे हल्लींच्या बहुतेक गाड्यांत चार थर असतात. या चारही थरांची मिळून जाडी सुमारें ०.१ मिलिमीटर, म्हणजे आपल्या वहीच्या एका पानाएवढी भरते! एवढ्याशा पानाआड सारा पत्रा सुरक्षित असतो. रंग शोभेसाठीं असतो हें खरें. परंतु त्याचें मोठें काम पत्र्याचें रक्षण हें होय.

हें पान फाटून पत्रा उघडा पडला, कीं ओलावा व हवेंतील प्राणवायु लोखंडाशीं संयोग पावून गंज तयार होतो. मूळ लोखंडापेक्षां गंज कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो भोंवतालच्या रंगाची कड आंतून उचलतो. त्या फटींतून आणखी ओलावा शिरतो आणि गंज रंगाखालीं पसरत जातो. कोंकणपट्टींत व मुंबईस हवेंत मिठाचा अंश असल्यानें ही क्रिया अधिक वेगानें घडते.

याचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. माझ्या वडिलांनीं बारा वर्षें जिवापाड जपलेली मोटार माझ्याकडे आली. बोनेटच्या कडेस एका टवक्यांत तांबूस डाग दिसूं लागला होता. एका लग्नास निघावयाच्या सकाळीं मीं तो न घासतां, न पुसतां, त्यावर रंगाचा जाड ठिपका दिला आणि डाग नाहींसा झाला म्हणून समाधान मानलें. दोन पावसाळ्यांनंतर तेथें रुपयाएवढा फोड आला. नखानें टोचतांच खपली निघाली व खालीं भुरभुरीत गंज दिसला. वडील जवळच उभे होते. त्यांनीं त्यावरून बोट फिरविलें आणि “हें आंतून चाललें होतें, बाळ,” एवढेंच ते म्हणाले. सबंध बोनेट खरवडून पुन्हां रंगवून घ्यावें लागलें.

म्हणून पहिली पायरी परीक्षेची. एक भिंग घेऊन टवका नीट पाहावा. तळाशीं करडा किंवा पांढुरका थर दिसला तर बहुधा प्रायमर शाबूत आहे असें समजावें. चकाकणारा धातु दिसला तर पत्रा उघडा पडला आहे. आणि तांबूस दिसलें तर गंजास प्रारंभ झाला आहे.

दुसरी पायरी स्वच्छतेची. जागा साबणाच्या पाण्यानें धुऊन पूर्ण वाळवावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्यें भिजविलेल्या फडक्यानें मेण व तेलकटपणा पुसून काढावा. सुटलेल्या रंगाच्या कडा दांतकोरण्यानें हळूच काढाव्या. गंज असल्यास बारीक पॉलिश पेपरच्या टोंकानें तेवढीच जागा स्वच्छ धातु दिसेपर्यंत घासावी.

तिसरी पायरी रंगाची. रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटखालील पट्टीवर असतो. त्याच क्रमांकाची टच-अप रंगाची लहान बाटली आणावी व ती खूप हलवावी. धातु उघडा असेल तर आधीं प्रायमरचा एक पातळ हात द्यावा. तो वाळल्यावर दांतकोरण्याच्या टोंकानें खळग्यांत रंगाचा थेंब सोडावा. कडेबाहेर जाऊं देऊं नये. रंगांतील द्रव उडून गेला कीं रंग आक्रसतो, म्हणून एकच जाड हात न देतां दोन-तीन पातळ हात, प्रत्येक वेळीं तासभर थांबून, द्यावे. शेवटीं क्लिअर कोट द्यावा. भर उन्हांत किंवा पावसाळी दमट हवेंत हें काम करूं नये. या द्रवांची वाफ ज्वालाग्राही असते, तेव्हां काम उघड्या जागीं, विस्तवापासून दूर आणि वडीलधाऱ्यांच्या देखत करावें.

उंचवटा राहिल्यास आठवडाभर थांबून २००० क्रमांकाच्या ओल्या पॉलिश पेपरनें अगदीं हलक्या हातानें तो सपाट करतां येतो. पण मूळचा पारदर्शक थर फार पातळ असल्यानें नवख्यानें हा मोह टाळलेला बरा. चमकीच्या रंगांत ॲल्युमिनियमचे कण असल्यामुळें जवळून पाहतां खूण थोडी दिसणारच. तिचें वाईट वाटूं देऊं नये. आपलें काम खूण लपविण्याचें नसून पत्रा झांकण्याचें आहे. पत्रा चेपला असेल किंवा रंगाखालीं फोड आला असेल, तर मात्र कुशल कारागिराकडेच जावें.

टवके टाळावयाचे असतील तर मालमोटारीपासून अंतर राखावें व खडीच्या रस्त्यावर वेग कमी करावा. वेग दुप्पट झाला कीं गतिज ऊर्जा चौपट होते, हा वर्गांत शिकलेला नियम खड्याच्या आघातासही लागू आहे.

विद्यार्थी मित्रहो, पुढील सुटींत आपल्या घरच्या मोटारीचें बोनेट भिंगानें तपासून पाहा. ठिपका सांपडला तर तो आधीं स्वच्छ करा, मगच झांका. माझा क्रम उलटा होता, आणि त्याचें मोल मीं सबंध बोनेटाच्या रंगानें भरलें.