गाडीवरचे हट्टी डाग: घासण्याआधी ओळखा

आजचा विषय गाडीच्या रंगावरचे न निघणारे डाग. आणि सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून.

माझी गाडी काळी. मे महिन्यात, भर दुपारी, बोअरचा पाइप लावून धुतली आणि तशीच उन्हात सोडली. संध्याकाळी बघतो तर बॉनेटभर पांढरी वर्तुळं. शॅम्पूनं गेली नाहीत. मग एका वॉशिंग सेंटरवर नेली. तिथल्या पोरानं मशीन लावलं, कंपाउंड ओतलं आणि दहा मिनिटांत डाग गायब! पण बॉनेटच्या कडेला, जिथं पत्र्याला घडी असते, तिथं रंगच उडाला. खालचा प्रायमर दिसायला लागला. बॉनेट पुन्हा रंगवावं लागलं. पुढं गाडी विकायला काढली तेव्हा घेणारा रंगाची छटा बघून पहिलाच प्रश्न विचारतो, "भाऊ, ठोकली होती काय?" आता त्याला काय सांगणार, की पाण्याचे डाग होते म्हणून!

झालं काय, ते समजून घेऊ. पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक त्याचीच. हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. घड्यांवर, कडांवर तर आणखी कमी. कंपाउंड म्हणजे बारीक पॉलिशपेपरच समजा: तो डाग काढत नाही, डागासकट थर खरवडतो. थर एकदा गेला की परत येत नाही. म्हणून कंपाउंड शेवटी.

आधी डाग ओळखा. गाडी धुऊन वाळवा, हाताला किराण्याची पातळ पिशवी घाला आणि डागावरून बोटं फिरवा. पिशवीतून खरखर जास्त कळते. खरखर लागली तर काहीतरी वर बसलंय, ते विरघळवता येतं. गुळगुळीत आहे पण डाग दिसतोय, किंवा खळगा लागतोय, तर थर खाल्ला गेलाय. तिथं विरघळवण्यासारखं काही उरलेलं नाही.

आपल्याकडं सगळ्यात जास्त त्रास बोअरच्या पाण्याचा. यवतमाळ जिल्ह्यात बोअरचं पाणी जड. वणी, झरीकडं तर जमिनीत चुनखडीच आहे. माठाला बाहेरून पांढरं कसं फुटतं, तेच गाडीवर होतं. पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागं राहतात. साबणाला ते दाद देत नाहीत, आम्लाला देतात. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर घ्या, तेवढंच पाणी मिसळा. गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड. कापड भिजवून डागावर मिनिट-दीड मिनिट ठेवा, घासू नका, वाळू देऊ नका, भरपूर पाण्यानं धुवा. राहिलं तर पुन्हा एकदा. घरचं बांधकाम चालू असताना सिमेंटचे शिंतोडे बसतात, त्यांनाही हेच, फक्त धीर जास्त लागतो. नखानं, ब्लेडनं खरवडायचं नाही. टॉयलेट क्लीनरचा प्रयोगही नको; त्यातलं आम्ल फार कडक.

डांबराचं उलटं. उन्हाळ्यात गावच्या रस्त्याचं काम निघालं की दाराच्या खालच्या बाजूला काळे ठिपके येतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. खोबरेल किंवा गोडं तेल कापसावर घ्या (कापसाला आपल्याकडं तोटा नाही), पाच-दहा मिनिटं ठिपक्यावर ठेवा, अलगद पुसा, शॅम्पूनं धुवा. थिनर मात्र दूर ठेवा. डांबर विरघळेलच, पण पुन्हा रंगवलेल्या गाडीचा रंगही सोबत घेऊन जाईल.

पक्ष्यांची विष्ठा मात्र घाईचं काम आहे. उन्हात क्लिअर कोट मऊ पडतो, वरची विष्ठा वाळून घट्ट होते, आणि संध्याकाळी पत्रा निवताना रंग तिच्याभोवती तसाच आवळून बसतो. त्यात आम्लही असतं. चव्वेचाळीस अंशांत लिंबाखाली गाडी लावता ना? सावली मिळते, पण चिमण्या-कावळेही मिळतात. डाग दिसला की ओला रुमाल दोन मिनिटं त्यावर ठेवा आणि उचलून घ्या. कोरडा पुसला तर त्यातली रेती ओरखडे पाडते.

हे कोरडं पुसणं फार मोठी सवय आहे आपली. वणीकडून येताना गाडीवर कोळशाची धूळ असते, इतर ठिकाणी काळ्या मातीची. सकाळी फडकं मारलं की गाडी चकाचक वाटते, आणि वर्षभरात उन्हात बघाल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे. धूळ आधी पाण्यानं वाहून जाऊ द्या, मग कापड.

एवढं करूनही डाग राहिला, बोटाला गुळगुळीत लागतोय, तरच पॉलिश: हातानं, सौम्य, आधी एका कोपऱ्यावर करून बघा. नख अडकत असेल तर तो खोल आहे, सोडून द्या. दुरून दिसत नाही.

मी आता गाडी सकाळी सातच्या आत धुतो, शेवटची बादली आरओच्या पाण्याची घेतो आणि लगेच मायक्रोफायबरनं टिपतो. बायको म्हणते, मला प्यायला पाणी ठेवा थोडं.

पुढच्या भागात हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा.