पावसावांचून पिकणारा मुलूख

वाळवंट म्हटलें कीं तापलेली रेती, उंटांचे तांडे आणि मृगजळ असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु वाळवंटाची खरी खूण उष्णता ही नव्हे. पाण्याचा अभाव ही होय. हिमालयाच्या पाठीशीं असलेल्या, २०१९ पासून केंद्रशासित प्रदेश झालेल्या लडाखांतील लेहचा मुलूख हा अशा थंड वाळवंटाचा उत्तम नमुना आहे. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ३,५०० मीटर, म्हणजे साडेअकरा हजार फूट उंचीवर वसलें आहे. तेथें पाऊस व बर्फ मिळून वर्षाकाठीं सुमारें १०० मिलिमीटर, म्हणजे अवघें चार इंच पाणी पडतें. एवढ्याशा पाण्यावर तेथें सातूचीं हिरवीं शेतें आणि जर्दाळूच्या बागा कशा उभ्या राहतात, या प्रश्नाचें उत्तर तेथील बारा महिन्यांच्या हवामानांत सांपडतें.

या कोरडेपणाचें कारण महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. महाबळेश्वरावर दोनशें इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तेच वारे सह्याद्रि ओलांडून माणदेशांत उतरतात, तेव्हां तेथील वांट्यास वीस इंचांच्या आसपासच पाऊस येतो. डोंगर चढतांना हवा थंड होते व तिच्यांतील बाष्पाचें पाणी होऊन तें चढणीवरच पडतें. पलीकडे उतरतांना तीच हवा तापून कोरडी होते. सह्याद्रि जें काम करतो तेंच हिमालय कित्येक पटींनीं अधिक पुरतेपणीं करतो. मोसमी वाऱ्यांचें पाणी तो बहुतेक सारें अलीकडेच अडवतो. लेहच्या भागांत हिंवाळ्यांत जो बर्फ पडतो तो भूमध्य समुद्राच्या दिशेनें येणाऱ्या पश्चिमी वादळांचा प्रसाद होय. आणि तोही मुख्यत्वें उंच शिखरांवर सांचतो.

उंचीमुळें हवाही विरळ आहे. समुद्रकांठाच्या मानानें लेह येथें हवेचा दाब सुमारें दोनतृतीयांशच असतो. विरळ व कोरडी हवा उष्णता धरून ठेवीत नाहीं, आणि ढगांचें पांघरूणही क्वचितच असतें. त्यामुळें ऊन प्रखर लागतें, पण सांवलींत पाऊल टाकतांच अंगांत कांपरें भरतें. सूर्य मावळला कीं दिवसाची सारी ऊब आकाशांत निघून जाते. जुलै-ऑगस्टांत दुपारचें उष्णतामान पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास जातें. जानेवारीच्या रात्रीं तें सरासरीनें शून्याखालीं तेरा-चौदा अंशांवर उतरतें.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा काळ हिंवाळ्याचा. ओढे गोठतात, जमीन दगडासारखी घट्ट होते आणि नांगर कोपऱ्यांत उभा राहतो. वरवर पाहतां हा ऋतु निष्फळ वाटतो. पण वर्षाची शिल्लक याच दिवसांत जमा होते. शिखरांवर पडलेला बर्फ ही या मुलखाची ठेव होय. चांगथांगच्या पठारावरील शेळ्यांच्या अंगीं याच थंडीनें जी मऊ लोंकर धरते, तिचीच पुढें पश्मिन्याची शाल होते. थंडी तेथील माणसाची केवळ वैरीण नाहीं. ती त्याची पोशिंदीही आहे.

खरी कसोटी लागते ती वसंतांत. एप्रिल-मे महिन्यांत पेरणी करावी लागते, कारण उन्हाळा आंखूड असतो आणि उशीरां पेरलेलें पीक हिंवाळ्यापूर्वीं तयार होत नाहीं. परंतु फार उंचावरील हिमनद्या जून उजाडल्याखेरीज नीटशा वितळत नाहींत. म्हणजे पाण्याची गरज आधीं आणि पाणी मागाहून, असा हा पेंच आहे. म्हणून गांवोगांव पाण्याची वांटणी पाहणारा ‘चुरपोन’ नेमण्याची जुनी चाल आहे. कोणत्या शेताकडे पाट कधीं वळवावयाचा, हें तो ठरवितो.

हा पेंच सोडविण्याचा एक मार्ग चेवांग नोर्फेल या लडाखी अभियंत्यानें दाखविला. हिंवाळ्यांत ओढ्याचें वाहून जाणारें पाणी सांवलीच्या उतारावर वळवावें, दगडी बांधांनीं त्याची गति मंद करावी आणि थरावर थर गोठूं द्यावें, अशी ही युक्ति. हा बर्फ गांवाजवळ व कमी उंचीवर असल्यानें नैसर्गिक हिमनदीच्या आधींच, ऐन पेरणीच्या वेळीं वितळतो. या कार्याबद्दल नोर्फेल यांस २०१५ सालीं पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनीं २०१३-१४ च्या हिंवाळ्यापासून ‘बर्फाचे स्तूप’ उभारण्याचे प्रयोग केले. वरच्या ओढ्यांतून नळानें आणलेलें पाणी स्वतःच्या दाबानें कारंज्यासारखें उडतें, थंड हवेंत गोठतें आणि त्याचा सुळका बनतो. सुळक्याच्या आकारामुळें पुष्कळ बर्फास थोडेंच ऊन लागतें; म्हणून तो सावकाश वितळतो.

जुलै-ऑगस्ट हे भरभराटीचे महिने. दुपारच्या उन्हानें बर्फ वितळतो आणि सायंकाळीं ओढे फुगतात; ढगाळ दिवशीं मात्र पाणी कमी येतें. जेथें पीक उन्हावर वाढतें आणि पावसाचें भय वाटतें, असा हा उलटा न्याय आहे. तेथील घरें कच्च्या विटांचीं, मातीच्या सपाट छपरांचीं. डोंगरउतार उघडे, माती धरून ठेवणारें झाड नाहीं. ५ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्रीच्या सुमारास लेह व भोंवतालच्या गांवांवर ढगफुटी झाली आणि चिखल-दगडांच्या लोंढ्यांनीं दोनशेंहून अधिक बळी घेतले.

सप्टेंबरांत सातूची कापणी व मळणी आटोपते. आकाश निरभ्र होतें, पॉप्लरचीं पानें पिवळीं पडतात आणि घरोघर भाजलेल्या सातूचें पीठ, सुकविलेला भाजीपाला व जनावरांचा चारा यांची सांठवण होते. याच कोरड्या, स्वच्छ हवेमुळें हानले येथें ४,५०० मीटर उंचीवर खगोलशास्त्रज्ञांनीं दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभारली आहे.

असें हें चक्र फार बारीक हिशेबावर चालतें. पृथ्वीचें उष्णतामान वाढत असल्यानें हिमनद्या मागें हटत आहेत, म्हणजे मूळ ठेवच घटत आहे. दुसरीकडे मागणी वाढली आहे. २०११ च्या जनगणनेंत लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आंत होती; अलीकडे कांहीं वर्षीं त्याहून अधिक प्रवासी तेथें गेले आहेत. लडाखी घरांतील पारंपरिक शौचकूपास पाणी मुळींच लागत नाहीं, व त्यांतील खत शेतास मिळतें. प्रवाशांसाठीं मात्र नळ, स्नानगृहें आणि विंधनविहिरी आल्या. उन्हाळ्यांत तेथें जाणारास वाहते ओढे दिसतात आणि पाणी विपुल आहे असें वाटतें. तें पाणी गेल्या हिंवाळ्यांचें आहे आणि येत्या पेरणीस त्याचीच वाट पाहिली जाणार आहे, एवढें ध्यानीं धरणें हा त्या मुलखाच्या पाहुणचाराचा किमान मोबदला होय.