उद्दिष्टापुढचा रकाना

विद्यापीठाचा बृहत् आराखडा म्हटलं की वर्तमानपत्रांत चर्चा होते ती नव्या महाविद्यालयांच्या बिंदूंची, म्हणजे प्रस्तावित ठिकाणांची. कोणत्या तालुक्याला किती बिंदू मिळाले, कोणाची संस्था यादीत आली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ नुसार हा आराखडा पाच वर्षांसाठी करायचा असतो आणि त्यातून दर वर्षाची वार्षिक योजना निघते. पण त्यात बिंदूंपलीकडेही बरंच असतं: संशोधन, शिक्षकभरती, विद्यार्थ्यांचं पुढचं शिक्षण आणि नोकऱ्या. त्या उद्दिष्टांचं पुढे काय झालं, हे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातल्या एक्सेलच्या तक्त्यात कळतं. विद्यापीठात या कक्षाला सगळे आयक्यूएसीच म्हणतात. संशोधनाच्या निकषाचा समन्वयक म्हणून माझं बसणं तिथेच असतं.

तक्त्यात उद्दिष्ट, जबाबदारी, मुदत, सद्यःस्थिती आणि पुरावा असे रकाने आहेत. सद्यःस्थितीत ‘कार्यवाही सुरू’ लिहिलं की ओळ भरते, म्हणून आम्ही तो शब्दप्रयोगच बंद केला. आता तिथे आकडा किंवा तारीख लागते, आणि शेजारी कागद.

वरवर सोपी वाटणारी एक ओळ घ्या: वर्षभरात किती जणांना पीएचडी मिळाली? विभागाच्या नोंदवहीत एक आकडा असतो, परीक्षा विभागाकडे दुसरा, शोधगंगा या ऑनलाइन भांडारात चढवलेल्या प्रबंधांचा तिसरा. यात खोटं कोणीच बोलत नाही. विभाग व्हायवाची तारीख धरतो, परीक्षा विभाग पदवी जाहीर करणाऱ्या नोटिफिकेशनची. व्हायवा जूनमध्ये झाली आणि नोटिफिकेशन जुलैत निघालं, की तोच विद्यार्थी दोन शैक्षणिक वर्षांत दिसतो. नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद; तिच्या वार्षिक गुणवत्ता अहवालाचं वर्ष शैक्षणिक, अंदाजपत्रकाचं एप्रिल ते मार्च. संशोधन प्रकल्पाचा निधी एका वर्षात धरायचा आणि त्यातून झालेलं काम दुसऱ्या, असं सतत होतं. म्हणून तक्त्याच्या डोक्यावर आम्ही ठळक अक्षरांत लिहून ठेवलं आहे: पीएचडीसाठी नोटिफिकेशनची तारीखच धरावी. या एका वाक्यासाठी विभागप्रमुखांच्या बैठकीत बराच वाद झाला. मला तो वाद मोलाचा वाटतो. काय मोजायचं यावर एकमत नसेल, तर वाढ झाली की घट झाली हे कशावरून सांगणार?

२०१७ मध्ये नॅकने मूल्यांकनाची पद्धत बदलली आणि बहुतांश गुण आकड्यांवर आले. तेव्हापासून प्रत्येक आकड्यामागे सही-शिक्क्याचं पत्र, यादी, जिओटॅग केलेला फोटो ठेवायची शिस्त लागली. नॅकच्या आकडे-पडताळणीत (डीव्हीव्ही) शंका आली की मुदतीत उत्तर द्यावं लागतं, आणि मग रात्री उशिरापर्यंत कपाटं उघडी असतात. त्याचा ताण येतो, पण ही शिस्त मला हवीशी वाटते. पूर्वी चांगली कामंसुद्धा कोणाच्या तरी आठवणीत राहायची आणि ती व्यक्ती निवृत्त झाली की संपायची.

शिक्षकभरतीच्या ओळीचं दुखणं वेगळं आहे. मंजूर पदांपैकी किती भरली, हे विद्यापीठाला विचारलं जातं. ती भरायची परवानगी मात्र शासनाकडून यावी लागते. मधल्या काळात वर्ग चालवतात ते तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. पूर्णवेळ शिक्षकांच्या आकड्यात त्यांना जागा नाही. ते शिकवतात, पेपर तपासतात, प्रात्यक्षिकं घेतात, आणि तक्त्यात ती जागा रिकामीच दिसते. या ओळीपुढे आम्ही प्रस्ताव पाठवल्याची तारीख लिहितो. ती तारीख आणि परवानगीची तारीख यांमधलं अंतर अधिसभेच्या सदस्यांनी पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात अवघड ओळ विद्यार्थ्यांच्या नोकरीची. कक्षातल्या एक लिपिक बाई माजी विद्यार्थ्यांना फोन करतात. “बाळा, नेमणुकीचं पत्र आहे का? नुसता फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाक.” मोठ्या कंपनीत लागलेला मुलगा पाच मिनिटांत पत्र पाठवतो. रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली एक मुलगी तालुक्याच्या गावी खासगी शिकवणीत अकरावी-बारावीला शिकवते. पगार रोख मिळतो, पत्र नाही. बाईंनी तिला दोनदा विचारलं, “सरांकडून साध्या कागदावर तरी लिहून आण ना.” ती म्हणाली, “मॅडम, मागितलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील.” तिचं नाव यादीतून वगळावं लागलं. ग्रामीण भागातल्या विद्यापीठात अशी नावं थोडीथोडकी नसतात. किराणा दुकान चालवणारा, शेतीत उतरलेला, घरी बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, हे सगळे आकड्याच्या बाहेर राहतात. मग त्यांच्यासाठी काही योजना करायची तर आधार कुठला?

यंदा आम्ही तक्त्याला एक पत्रक जोडलं आहे. ते नॅकसाठी नाही, विद्यापीठाच्या स्वतःच्या वापरासाठी आहे. पत्राविना काम करणाऱ्यांची नोंद विभागाने फोनवर घ्यायची, काम कोणतं, गाव कोणतं, शिकलेल्या विषयाचा उपयोग होतो का, एवढंच विचारायचं. गुण यातून एकही मिळणार नाही, हे बैठकीत स्पष्ट सांगितलं. तरी रसायनशास्त्र आणि मराठी या दोन विभागांनी फोन सुरू केले आहेत. बाकीच्या विभागांकडे पुढच्या आठवड्यात मी स्वतः जाणार आहे.